खाल्लेल्या, आखूड आणि कमकुवत नखांवर एक्स्टेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नखं कुरतडायची सवय असलेली, जेल (लॅम्पखाली घट्ट होणारा लेप) ओरबाडून काढल्यामुळे पातळ झालेली किंवा मुळातच लवकर फाटणारी अशी नखं असली की हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं नखं लावून घेणाऱ्यांसाठी आहेत आणि नव्यानं काम शिकणाऱ्यांसाठीही. नखांचं काम करणारी म्हणून माझी भूमिका आधीच सांगते: अशा नखांवर पहिले काही महिने एक्स्टेन्शनचं, म्हणजे खऱ्या नखावर चढवलेल्या कृत्रिम नखाचं, काम राखणीचं आहे. खालचं नख शांतपणे वाढू द्यायचं. लांबी आणि नटवणं त्यानंतर.

माझी नखं अगदी मांसापर्यंत खाल्लेली आहेत. त्यांवर काही लावता येईल का?

बहुतेक वेळा येतं. मी आधी दोन गोष्टी बघते: पकड घ्यायला नख किती उरलंय आणि भोवतालची कातडी धड आहे का. निम्म्याहून जास्त नख शाबूत असेल तर काम चांगलं टिकतं. त्याहून कमी असलं तरी करता येतं, पण मग पहिल्या एक-दोन आठवड्यांत एखाद-दुसरं नख निघून येणार हे धरूनच चालायचं.

कातडी मात्र धड हवीच. रक्त येतंय, जखम ओली आहे, नखाच्या कडेला लाल, गरम सूज येऊन ठणकतंय, पू दिसतोय, म्हणजे नखुरडं झालंय, अशा बोटावर काहीही लावायचं नाही. आधी डॉक्टर. नख जाड, पिवळं, भुगा होणारं असेल किंवा खालच्या मांसापासून सुटून पांढरं दिसत असेल तरीही तेच. बुरशी, सोरायसिस आणि साधा मार यांच्या खुणा वरवर सारख्याच दिसतात. त्यांतलं काय आहे हे त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवायचं. एक बोट दुखरं असेल तर तेवढं सोडून बाकीची करता येतात.

टेक्निशियनला हात दाखवायचीच लाज वाटते. काय करू?

मुठी मिटून समोर बसणारी माणसं मी रोज बघते. नखं खाणं ही फार सर्रास आढळणारी सवय आहे. बहुतेकांना ती लहानपणी लागते, ताण आला की वाढते, आणि एरवी अत्यंत टापटीप असणाऱ्यांनाही असते. तुमचे हात बघून नाक मुरडणाऱ्या किंवा उपदेश करणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका, दुसरं कुणीतरी शोधा.

वेळ ठरवतानाच ‘माझी नखं खाल्लेली आहेत’ हे सांगून टाका. अशा हाताला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि घाईत केलेलं काम टिकत नाही. नखं वाढवून यायची गरज नाही. फक्त आधीचे दोन-तीन दिवस कडेची कातडी सोलणं थांबवता आलं तर बघा, म्हणजे जखमा मिटलेल्या असतील.

खाल्लेलं नख आणि नुसतं आखूड कापलेलं नख यांत फरक काय?

बराच फरक आहे, आणि तो न ओळखता काम केलं की सगळं फसतं.

नेलकटरनं कापलेल्या नखाची कड सलग असते. नख जिथे बोटापासून सुटतं तिथे खालच्या बाजूला कातडीची एक बारीक सील असते. पाणी, मळ, जंतू आत शिरू नयेत म्हणून शरीरानं केलेली ती सोय. दातांनी नख ओढून तोडलं की ही सील फाटते आणि नखाचा गुलाबी भाग मागे हटतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की बोटाच्या टोकाचं मांस पुढून फुगून वर येतं, कधीकधी नखाच्या कडेपेक्षाही उंच. नख खळग्यात रुतल्यासारखं दिसतं. दोन्ही बाजूंच्या खाचा पुढच्या अंगाला रिकाम्या पडतात. शिवाय थुंकीनं सारखं ओलं होऊन नखात पाणी मुरलेलं असतं, आणि ओलसर नखावर कुठलंच मटेरियल नीट धरत नाही.

क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, चावणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. नख तयार करणारा जिवंत भाग, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, तो मागच्या कातडीच्या घडीखाली असतो. तिथे वारंवार इजा झाली की नखावर आडव्या लाटा आणि खड्डे उमटतात. त्या लाटा फाईलनं घासून सपाट करायच्या नाहीत. घासल्यानं उंचवटे जातात, पण खड्ड्यांपाशी नख आधीच पातळ असतं, ते कागदाइतकं उरतं. बेस जेल भरून पृष्ठभाग सारखा करायचा.

एक्स्टेन्शनमुळे माझी नखं आणखी कमकुवत होतील का?

नखाचा दिसणारा भाग म्हणजे केरॅटिनचे मृत थर, सगळे मिळून साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्याला श्वास लागत नाही. जे काही पोषण मिळतं ते रक्तातून मॅट्रिक्सला मिळतं. म्हणून ‘महिनाभर नखांना श्वास घेऊ द्या’ या सल्ल्याला अर्थ नाही. नखं खाणाऱ्यांच्या बाबतीत तर तो मोकळा महिनाच घात करतो, कारण तोवर वाढलेलं सगळं त्या महिन्यात खाल्लं जातं.

नुकसान होतं ते दोन ठिकाणी: लावण्याआधी खूप घासल्यानं आणि नंतर ओढून काढल्यानं. जेल उचकटून काढलं की नखाचे वरचे थर त्याला चिकटून निघतात. तयारीच्या वेळी ड्रिल मशीनचं टोक क्यूटिकलजवळ रुतलं तर काही दिवसांनी तिथे लाल, हुळहुळणारी चंद्रकोर दिसते. या धंद्यात तिला रिंग ऑफ फायर म्हणतात. ती दिसली की समजा, पुढच्या वेळी माणूस बदलायचा आहे. घासून गेलेली जाडी कोणत्याही तेलानं, सिरमनं परत येत नाही. ते नख वाढून पुढे जाऊन कापलं जावं लागतं. हाताची नखं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे पूर्ण नख नवं यायला ४ ते ६ महिने.

जेल, ॲक्रिलिक, डिप पावडर, चिकटवायची तयार नखं... माझ्यासाठी काय योग्य?

नखाची कड बोटानं हलकेच दाबून बघते. वाकत असेल तर मटेरियलही थोडं वाकणारं हवं. नख लवतं आणि वरचा कडक थर लवत नाही, तेव्हा दोघांमधली पकड सुटते आणि कडेनं हवा शिरते.

नख पातळ आहे पण बोटाच्या टोकापर्यंत आलेलं आहे, अशांना मी एक्स्टेन्शन सुचवतच नाही. रबर बेस किंवा मऊ बिल्डर जेलचा एक आधाराचा थर पुरतो. ॲसिटोननं (नेलपॉलिश काढायच्या द्रवानं) निघतो, दिसायला साधा, आणि नख त्याच्याखाली फाटत नाही.

मांसापर्यंत खाल्लेल्या नखांना पुढची कड नव्यानं घडवावी लागते. तिथे घट्ट बिल्डर जेल किंवा ॲक्रिलिक. ॲक्रिलिक आजकाल मागे पडलंय, पण अशा इवल्याशा नखावर मला ते आवडतं: लिक्विड आणि पावडरचा मणी जिथे ठेवला तिथेच राहतो, पसरत नाही, हवेतच घट्ट होतो आणि पकड जबरदस्त असते. वास सहन करावा लागतो, हात सफाईदार लागतो, आणि थर बारीक ठेवावा लागतो. फार लवचिक नखावर मात्र मी जेलच घेते.

ॲक्रिलिक घेणार असाल तर लिक्विड ईएमए (एथिल मेथाक्रिलेट) आहे की एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट), हे विचारा. एमएमए स्वस्त पडतं, पण इतकं कडक होतं की बोट कुठे आपटलं तर कृत्रिम नखाऐवजी तुमचं खरं नख फाटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा उत्पादनांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, तरी ते अजून कुठे ना कुठे विकलं जातंच. अतिशय उग्र वास आणि ॲसिटोनमध्ये भिजवूनही न सुटणं, या त्याच्या खुणा.

डिप पावडर अशा नखांसाठी मला पटत नाही. तिनं कड घडवता येत नाही, आणि एकाच डबीत अनेकांची बोटं बुडवली जात असतील तर स्वच्छतेचा प्रश्न येतो. पूर्ण नख झाकणाऱ्या तयार जेल टिप्स खाल्लेल्या नखावर बसतच नाहीत; पुढचं मांस त्यांना वर ढकलतं. ग्लूनं किंवा टेपनं चिकटवायची नखं एखाद्या कार्यक्रमापुरती ठीक, कोमट पाण्यात भिजवून सावकाश काढणार असाल तरच.

टिप लावायची की फॉर्मवर घडवायचं? नेमकं करतात कसं?

फॉर्म. टिपला, म्हणजे चिकटवायच्या तयार टोकाला, नखाच्या पुढच्या भागात जागा लागते, आणि खाल्लेल्या नखात तीच नसते.

अंगठा घेऊ. नखाची लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, रुंदी त्याहून बरीच जास्त, पुढे मांस वर आलेलं. फॉर्म म्हणजे चिकट कागदाचा साचा. एरवी तो नखाच्या मोकळ्या कडेखाली सरकवतात. इथे मोकळी कडच नाही. तसाच बसवला तर तो मांसाच्या उंचवट्यावर टेकतो, त्याचं तोंड वर होतं आणि घडवलेलं नख आकाशाकडे बघतं. असं नख दिसतंही वाईट आणि पहिल्या धक्क्याला उखडतं.

म्हणून हे काम दोन टप्प्यांत करायचं. आधी फॉर्मचं तोंड छोट्या कात्रीनं नखाच्या कडेच्या आकाराचं कापून घ्यायचं. खाल्लेल्या नखाची कड वाकडीतिकडी असते, तर तोंडही तसंच वाकडंतिकडं. मग बोटाच्या टोकाचं मांस आपल्या अंगठ्यानं खाली आणि मागे दाबून धरायचं, कडेपाशी एक फट उघडते, तिथे फॉर्म टेकवायचा. कडेवर मोहरीएवढा जेलचा थेंब ठेवून तो जेमतेम १ मिलिमीटर पुढे ओढायचा. लॅम्पमध्ये आधी काही सेकंद गोठवायचं, म्हणजे सोडल्यावर मांस वर येऊन जेलला ढकलणार नाही. नंतर पूर्ण वेळ क्युअर करायचं, म्हणजे लॅम्पमध्ये पक्कं घट्ट होऊ द्यायचं. फॉर्म काढला की नखाला चिमुकली सरळ कड आलेली असते. तिच्या खालून बघायचं, जेल मांसाला चिकटलं असेल तर सोडवून साफ करायचं. ही पायरी गाळणारे फार आहेत, आणि नंतर ‘नखाखाली खाज सुटते’ अशी तक्रार येते ती यातूनच.

पुष्कळदा मी पहिल्या दिवशी इथेच थांबते, वर एक आधाराचा थर देते आणि पाठवते. पुढे जायचंच असेल तर आता नवा फॉर्म त्या कडेखाली नीट बसतो आणि हवी तेवढी लांबी घडवता येते. जाडीचा सर्वांत उंच बिंदू, ज्याला एपेक्स म्हणतात, तो खरं नख संपून कृत्रिम सुरू होतं त्या सांध्यावर आणि किंचित मागे यायला हवा, कारण सगळा ताण तिथे येतो. क्यूटिकलपाशी आणि दोन्ही बाजूंना थर निमुळता होऊन कातडीच्या केसभर अलीकडे थांबला पाहिजे.

दिसण्याचं म्हणाल तर कव्हर पिंक नावाचा अपारदर्शक गुलाबी जेल इथे फार कामाला येतो. आखूड गुलाबी भाग त्यानं पुढे ओढून दाखवता येतो, आणि खालची जुनी जखम, डाग झाकले जातात. पांढरी फ्रेंच कड मी सुरुवातीला टाळायला सांगते. ती नख किती आखूड आहे हेच ठळक करते.

लावण्याआधी नखांची तयारी कशी करावी? प्रायमर लागतोच का?

हात धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. भिजवून मॅनिक्युअर करून लगेच जेल लावायचं नाही, नख पाणी पिऊन फुगलेलं असतं. नखावर चिकटलेली मेलेली कातडी तेवढी काढायची. जिवंत घडी कापायची नाही, खाल्लेल्या बोटांना तर मुळीच नाही. मग २४० ग्रिटचा मऊ बफर वरवर फिरवायचा. चकाकी गेली की थांबायचं. १०० ग्रिटची खरखरीत फाईल आणि मशीन नैसर्गिक नखापासून लांब.

डिहायड्रेटर, म्हणजे नखातली ओल काढणारा द्रव, अशा नखांना हवाच, दोन वेळा लावला तरी चालेल. प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा द्रव, ॲसिड-फ्री घ्या. मेथाक्रिलिक ॲसिडचा प्रायमर पातळ नखावर आणि फाटलेल्या कातडीवर भाजतो.

किती लांब ठेवावीत?

बोटाच्या टोकापुढे १ ते २ मिलिमीटर. पहिले दोन महिने एवढंच.

लांब नख तरफेसारखं वागतं. टोकावर पडलेला छोटा धक्का मुळाशी मोठा होऊन पोहोचतो, आणि तुमच्याकडे पकड धरून ठेवायला नख थोडंच आहे. शिवाय ज्यांनी आयुष्यभर लांब नखं वापरली नाहीत त्यांना बटणं लावायची, मोबाईलवर टाईप करायची, डबा उघडायची सवय नसते. पहिल्याच आठवड्यात नखं अडकून तुटतात. आकार गोलसर ठेवा. चौकोनी कोपरे अडकतात, आणि अडकलेला कोपरा दातांना बोलावतो.

लॅम्पमध्ये हात घातल्यावर चटका बसतो. हे बरोबर आहे का?

जेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडतेच. जाड नखातून ती फारशी जाणवत नाही, पातळ नखातून थेट मांसाला लागते. चटका सहन करत बसायचं नाही, तसा तो वारंवार बसला तर नख खालच्या मांसापासून सुटू शकतं. हात लगेच बाहेर काढा, काही सेकंद थांबा, पुन्हा घाला. टेक्निशियननं थर पातळ ठेवावेत आणि लॅम्पला लो-हीट मोड असेल तर तो वापरावा. ‘सगळ्यांना होतं, दाबून धरा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

लॅम्पमधून अतिनील अ किरण येतात. काळजी वाटत असेल तर बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घाला किंवा हाताला सनस्क्रीन लावा. प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ॲलर्जीबद्दल खूप ऐकलंय. खाल्लेल्या नखांना धोका जास्त असतो का?

हो, आणि हा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा.

जेल, ॲक्रिलिक यांतले ॲक्रिलेट घटक घट्ट होण्याआधी कातडीला लागत राहिले तर शरीर त्यांना शत्रू मानायला लागतं. त्यांतला सगळ्यांत कुप्रसिद्ध घटक हेमा (HEMA, हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेट). एकदा ॲलर्जी झाली की बहुधा ती जन्मभराची असते. आणि ती नखांपुरती राहत नाही: ॲक्रिलेट वर्गातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये असतात, हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीत असतात. सुंदर नखांपायी पुढच्या उपचारात अडचण येणं फार महाग पडतं.

खाल्लेल्या बोटांना धोका जास्त, कारण कातडी सोललेली असते, कडेवरचं मांस जेलच्या थेट वाटेत येतं, आणि नखं छोटी म्हणून ब्रश कातडीला लागण्याची शक्यता वाढते. लागलंच तर लॅम्पमध्ये हात घालण्याआधी लाकडी काडीनं पुसून काढायचं, ही शिस्त पाळलीच पाहिजे. दुसरं कारण अर्धवट क्युअर झालेलं जेल. जेल आणि लॅम्प एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी बनवलेले असावेत. वरून कडक दिसणारा थर आतून कच्चा राहू शकतो.

युरोपीय संघात हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची, असं लेबलवर छापावं लागतं. जेल घट्ट करायला वापरला जाणारा टीपीओ हा घटक तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद झाला. तुम्ही कुठेही असा, बाटली मागे वळवून घटकांची यादी वाचायला हरकत नाही. हेमा नसलेलं जेल म्हणजे ॲलर्जीमुक्त जेल असं मात्र समजू नका, त्यात दुसरे ॲक्रिलेट असतातच.

बोटांच्या टोकांना खाज, बारीक फोड, कातडी सुकून सोलटणं, नखाखाली दुखणं यांतलं काही दिसलं तर सगळं काढून टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पापण्यांवर पुरळ आलं तरी संशय घ्या. हात सारखे चेहऱ्याला लागतात, म्हणून ॲलर्जी तिथेही उमटते.

किती दिवस टिकेल? रिफिल कधी करायचं?

रिफिल, म्हणजे नख वाढून मागे मोकळी झालेली जागा पुन्हा भरणं, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. नख निरोगी झालं की तीन आठवड्यांवर नेता येतं. नख वाढतं तसा एपेक्स पुढे सरकतो आणि तोल बिघडतो. आखूड नखावर हे लवकर घडतं. पहिल्या सेटमधली एक-दोन निघाली तर ते अपयश समजू नका, पण दहापैकी बहुतेक आठवडाभरात निघाली तर तयारीत काहीतरी चुकलंय.

कडेनं सुटलंय, खाली हिरवट डाग दिसतोय. वरून ग्लू घालून चिकटवू का?

नको. सुटलेल्या फटीत ओल अडकते आणि तिथे स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात, तो हिरवा रंग त्यांचा. बरेच जण त्याला बुरशी म्हणतात, पण ती बुरशी नव्हे. मटेरियल पूर्ण काढा, नख कोरडं ठेवा, नवं काही लावू नका. डाग वाढतोय, दुखतंय, वास येतोय असं असेल तर डॉक्टरांकडे जा. जिवाणू गेले तरी डाग राहतो, तो नखाबरोबर वाढून पुढे निघतो.

हिरवं नाही, नुसता एक कोपरा पांढुरका दिसतोय, अशा वेळीही पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तो कोपरा घासून काढून पुन्हा भरणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि सुटलेला कोपरा नखं खाणाऱ्याच्या दातांना सर्वांत आधी सापडतो.

हे लावल्यावर नखं खायची सवय सुटेल का?

काहींची सुटते. जेल-ॲक्रिलिक जाड आणि गुळगुळीत असतं, दातांत धरायला कडच मिळत नाही. पुष्कळदा नखं खाणं नकळत होतं: हात तोंडाशी जातो, दातांना ओळखीची दातेरी कड लागत नाही, आणि माणूस भानावर येतो. हा एक क्षण फार मोलाचा आहे. काही आठवडे असं झालं आणि खालचं स्वतःचं नख पुढे आलेलं दिसलं, की त्याला जपावंसं वाटायला लागतं.

पण सगळ्यांचं असं होत नाही, आणि तसं वचन देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. काही जण नख सोडून कडेची कातडी खायला लागतात, काही जेल दातांनी सोलतात, आणि त्यानं नख पूर्वीपेक्षा पातळ होतं. तुम्ही सोलणाऱ्यांपैकी असाल तर सांगा. मग नुसता मऊ थर, दर आठवड्याला तपासणी, असं काहीतरी ठरवता येईल.

सवय मोडण्यासाठी मानसोपचारात हॅबिट रिव्हर्सल नावाची पद्धत वापरतात. आधी हात तोंडाशी कधी जातो हे टिपायचं: फोनवर बोलताना, वाचताना, गाडीत, वाट बघताना. मग त्या वेळी दोन्ही मुठी मिनिटभर घट्ट आवळायच्या किंवा हातात काहीतरी धरायचं, म्हणजे तोंडाशी जायला हात मोकळाच राहत नाही. सोबत कडू नेलपॉलिश लावता येतं. त्यातला डेनाटोनियम बेंझोएट हा माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक आहे, त्याचा शोध १९५८मध्ये लागला. हे पॉलिश जेलच्या वरूनही लावता येतं. रक्त येईपर्यंत खाणं, थांबवूनही थांबत नाही, त्यापायी चारचौघांत जाणं टाळलं जातंय, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. नखांवरचा कुठलाही थर ते काम करू शकणार नाही.

तेल, हार्डनर, बायोटिनच्या गोळ्या, यांनी नखं मजबूत होतात का?

तेल लावा. जोजोबा असेल तर उत्तम, नसेल तर घरात असेल ते. रोज दोनदा, क्यूटिकलला आणि नखाच्या खालच्या कडेला. नख आणि मटेरियल दोन्ही लवचिक राहतात, कडेची कातडी सुकून उठत नाही. आणि उठलेल्या कातडीला हात लावल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही हे आपल्याला माहीत आहे.

हार्डनर जपून. फॉर्मल्डिहाइडचे हार्डनर नख आधी कडक करतात आणि वापरत राहिलात तर ठिसूळ करतात. बायोटिन ज्यांच्यात कमी आहे त्यांना उपयोगी. बाकीच्यांसाठी पुरावा तोकडाच. मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे, उदाहरणार्थ थायरॉईड आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे, निकाल चुकवू शकतं. गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी सांगा. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील, सगळीच एकदम ठिसूळ झाली असतील, तर लोह आणि थायरॉईड तपासून घ्या. हार्डनरनं तो दोष फक्त झाकला जाईल.

भांडी, कपडे धुताना हातमोजे. सतत भिजणं आणि सुकणं यानं नखाचे थर सुटतात.

घरच्या घरी किट आणून करू का?

खाल्लेल्या नखांवर, नको. मांस दाबून धरत फॉर्म बसवणं स्वतःच्या हाताला जमत नाही, उजव्या हातानं कामं करणाऱ्याला उजव्याच हातावर तर नाहीच. कातडीला जेल लागण्याचं प्रमाण घरी सर्वाधिक असतं. तरी ग्लू वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: नखांचा ग्लू सायनोॲक्रिलेटचा असतो, तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की झपकन तापतो आणि भाजू शकतो. सांडलेला ग्लू कापसानं पुसू नका.

काढायचं कसं?

ॲसिटोननं सुटणारं असेल तर वरचा टॉप कोट आधी फाईलनं घासून घ्या, भोवतालच्या कातडीला तेल किंवा व्हॅसलीन लावा, ॲसिटोननं भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइलनं गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. मऊ पडलेलं हलकेच ढकललं की येतं. नाही आलं तर पुन्हा गुंडाळा, खरवडू नका. कडेला जखम असेल तर आधी ती बरी होऊ द्या, ॲसिटोन झोंबतं. ज्योतीजवळ, गॅसजवळ हे करू नका, ॲसिटोन झटकन पेट घेतं.

हार्ड जेल ॲसिटोननं सुटत नाही, घासूनच काढावं लागतं. ते टेक्निशियनकडून करून घ्या, आणि शेवटचा पातळ थर नखावर राहू द्यायला सांगा. तो वाढून निघून जाईल.

मुलीला लावू का? तीही नखं खाते.

लहान मुलांना नाही. त्यांची नखं पातळ, कातडी नाजूक, आणि ॲलर्जी लहानपणीच लागली तर ती पुढे आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं. नखं नीट कापून गुळगुळीत ठेवा, हातांना काहीतरी उद्योग द्या, ओरडू नका. रागावल्यानं ताण वाढतो आणि बोट पुन्हा तोंडात जातं.

शस्त्रक्रिया ठरली आहे. नखं काढावी लागतील का?

दवाखान्यात आधीच विचारा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या वाचनात काही रंग आणि जाड थर अडथळा आणू शकतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी निदान एक-दोन बोटं मोकळी ठेवायला सांगतात.

मध्येच एखादं नख निघालं आणि टेक्निशियनकडे जायला दोन-चार दिवस आहेत. तोवर काय?

निघालेलं अर्धवट लटकत असेल तर ओढू नका. नेलकटरनं जिथे सुटलंय तिथपर्यंतच कापा आणि कड बारीक फाईलनं गोल करा. खालचं नख फाटलं असेल तर साबण-पाण्यानं धुऊन कोरडं करा आणि त्या बोटाला साधी चिकटपट्टी गुंडाळा. तिनं जखम झाकली जाते आणि दातही लांब राहतात. पट्टी ओली झाली की बदला. रक्त आलं असेल किंवा दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर ते बोट बरं होईपर्यंत पुन्हा काही लावून घेऊ नका, बाकीच्या बोटांचं रिफिल मात्र ठरलेल्या दिवशीच करा.